पहिल्या पगारापासून वारस नोंदीपर्यंत: प्रत्येक वळणावर पैशाची कामं कोणत्या क्रमाने करायची

नोकरी लागली, लग्न ठरलं, घर घ्यायचंय, निवृत्ती आली, की पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच असतो: पैसे कुठे गुंतवू? प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर चौथा. आधी कागदांवरची नावं, मग विमा, मग कर्ज, आणि हे तिन्ही जागेवर आले की गुंतवणूक. नावं दुरुस्त करायला फारसा खर्च येत नाही आणि ती चुकली तर लाखो रुपये वर्षानुवर्षं अडकतात. विमा नसेल तर एका आजारपणात गुंतवणूक मोडावी लागते. महिन्याला साडेतीन टक्के व्याजाचं कर्ज डोक्यावर असेल, तर त्याहून जास्त परतावा देणारी सुरक्षित गुंतवणूक अस्तित्वात नाही. हाच क्रम धरून एकेक वळण पाहू.

पहिली नोकरी

पगाराची स्लिप नीट वाचा. त्यातला ‘बेसिक’चा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ग्रॅच्युइटी (दीर्घ सेवेनंतर नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम) त्यावरच ठरतात. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये असतील, तर तुमच्याकडून १२ टक्के म्हणजे १,८०० कापले जातात. कंपनीही तेवढेच घालते, पण तिच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि ५५० पीएफमध्ये. पहिल्याच नोकरीत बेसिक १५,००० च्या वर असेल, तर तुम्ही पेन्शन योजनेत येत नाही आणि कंपनीचा सगळा वाटा पीएफमध्ये जमा होतो. आपण यातल्या कोणत्या गटात आहोत हे आजच पासबुकात पाहून ठेवा.

यूएएन, म्हणजे पीएफसाठीचा तुमचा कायमचा नंबर, आयुष्यभर एकच. नव्या कंपनीने दुसरा काढून दिला, तर पुढे दोन खाती जोडताना मनस्ताप होतो, म्हणून रुजू होतानाच जुना नंबर द्या. नाव, जन्मतारीख आणि वडिलांचं नाव आधार, पॅन आणि पीएफमध्ये अक्षरशः जुळलं पाहिजे. मराठी घरांत नेहमीचा घोळ म्हणजे एकीकडे वडिलांच्या नावासह पूर्ण नाव आणि दुसरीकडे फक्त आद्याक्षर. हा फरक पैसे काढताना आडवा येतो. तरुणपणी दुरुस्त केला तर दहा मिनिटांचं काम, साठीत केला तर हेलपाटे.

पीएफच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन, म्हणजे तुमच्यानंतर रक्कम कुणाच्या हाती द्यायची त्याची ऑनलाइन नोंद, भरा. आधारशी मोबाइल जोडलेला असला की ते घरबसल्या होतं, मात्र शेवटी ई-साइन केल्याशिवाय ते पूर्ण धरलं जात नाही. अनेकांचं नॉमिनेशन नेमकं याच पायरीवर अर्धवट पडलेलं असतं.

आता गंगाजळी. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवा. २५,००० खर्च असेल तर दीड लाख. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आरडीचा हप्ता आपोआप कापला जाईल अशी सोय करा, कारण महिनाअखेरीला उरेल ते वाचवू म्हटलं तर काही उरत नाही. ही रक्कम शेअर बाजारात ठेवू नका. मार्च २०२० मध्ये बाजार दोन महिन्यांत एक तृतीयांशाहून जास्त कोसळला, आणि पगारकपात व नोकऱ्या जाणं त्याच सुमारास सुरू झालं. म्हणजे पैसे लागायची वेळ आणि ते कमी झालेले असायची वेळ एकच ठरते. भिशीतही ही रक्कम नको. भिशीने बचतीची सवय लागते हे खरं, पण आपला नंबर कधी लागेल हे आपल्या गरजेवर ठरत नाही, आणि चालवणारा बुडाला तर कुठलंच सरकारी संरक्षण नाही.

क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण भरता येणार असेल तरच कार्ड वापरा. ‘मिनिमम ड्यू’ भरला की दंड टळतो, व्याज टळत नाही. ४०,००० थकले आणि दर महिना ३.५ टक्के असला, तर महिन्याला १,४०० रुपये नुसतं व्याज आणि त्यावर जीएसटी. शिवाय थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, हे फार जणांना ठाऊक नसतं.

बँकेत दोन छोट्या योजनांना होकार द्या. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचं आयुर्विमा कवच देतो, १८ ते ५० वयात घेता येतो. सुरक्षा विमा २० रुपयांत अपघाती मृत्यूवर २ लाख देतो. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे, म्हणून मेअखेरीस खात्यात पैसे असू द्या.

कराबद्दल थोडक्यात. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी पगारदारांना १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर कर नाही, पण शेअर किंवा शेअर बाजारातले म्युच्युअल फंड विकून झालेल्या नफ्याला ही सूट लागू नाही. या प्रणालीत असाल, तर ‘कर वाचवायला’ म्हणून विमा पॉलिसी घेण्याला काही अर्थच उरलेला नाही. मार्च महिन्यात असा कुणी विक्रेता आला तर त्याला हेच सांगा. घेऊन झाली असेल, तर कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते.

लग्न

लग्नाआधी आईवडिलांच्या नावे केलेलं पीएफचं नॉमिनेशन लग्न होताच आपोआप रद्द ठरतं. नियमच तसा आहे: कुटुंब नसताना केलेलं नॉमिनेशन, कुटुंब निर्माण झालं की बाद. त्यामुळे लग्नानंतर ते नव्याने भरायलाच हवं. बँक, म्युच्युअल फंड, डीमॅट (शेअर्स ठेवायचं खातं) आणि विमा इथे मात्र उलट आहे. तिथे जुनं नाव तसंच राहतं, अगदी घटस्फोटानंतरही, जोवर तुम्ही बदलत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार नॉमिनी देता येतात आणि प्रत्येकाचा टक्का ठरवता येतो, त्यामुळे आई की बायको ही ओढाताण आता टाळता येते.

विवाह नोंदणीचा दाखला लगेच काढा. लग्नानंतर नाव बदलणं कायद्याने बंधनकारक नाही. बदलायचंच असेल तर क्रम असा: आधी आधार, मग पॅन, मग बँक, शेवटी पीएफ आणि गुंतवणुका. क्रम चुकला की प्रत्येक ठिकाणी ‘नाव जुळत नाही’ म्हणून अर्ज परत येतो.

एक संध्याकाळ बसून दोघांनी एकपानी यादी करा. खाती, कर्जं, पॉलिसी, पीएफ नंबर, डीमॅट, लॉकर, आणि कुणाला हातउसने दिलेले किंवा कुणाला जामीन राहिलेले. शेवटची बाब मुद्दाम लिहा. मित्राच्या कर्जाला जामीन राहिलेला माणूस कर्जदाराइतकाच जबाबदार असतो, आणि हे घरच्यांना बँकेची नोटीस आल्यावर कळू नये. मुलीला लग्नात मिळालेले दागिने आणि भेटी हे तिचं स्त्रीधन, त्यावर मालकी तिचीच. लॉकर दोघांच्या नावे असला तरी दागिन्यांची बिलं तिने स्वतःकडे ठेवावीत.

आता टर्म इन्शुरन्सची, म्हणजे मृत्यू झाला तरच रक्कम देणाऱ्या, बचत नसलेल्या आयुर्विम्याची वेळ. एकट्या, कुणी अवलंबून नसलेल्या माणसाला त्याची घाई नसते. तुमच्या पगारावर कुणी जगत असेल, तर वार्षिक उत्पन्नाच्या १० ते १५ पट आणि त्यावर शिल्लक कर्जाएवढी रक्कम, हा ढोबळ हिशोब. वैयक्तिक आयुर्विमा आणि मेडिक्लेमच्या हप्त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही. अर्ज एजंटला भरू देऊ नका. तंबाखू, दारू, रक्तदाब, साखर, जुनं ऑपरेशन, आधी नाकारलेली पॉलिसी, सगळं खरं लिहा. पहिल्या तीन वर्षांत मृत्यू झाला तर कंपनी माहिती दडवल्याचं कारण काढून दावा नाकारू शकते. तीन वर्षांनंतर कायद्याने ती पॉलिसीवर शंका घेऊ शकत नाही.

व्यवसाय करणाऱ्या, कर्ज घेणाऱ्या विवाहित पुरुषाने पॉलिसी विवाहित स्त्री संपत्ती कायदा, १८७४ खाली घ्यावी. मग ती रक्कम पत्नी आणि मुलांचीच राहते, धंद्यासाठी कर्ज देणाऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. हा पर्याय पॉलिसी घेतानाच निवडावा लागतो, नंतर जोडता येत नाही.

मूल

इथे कामं कमी आणि विक्रेते जास्त. जन्मदाखला आणि आधार झाले की मेडिक्लेममध्ये बाळाचं नाव घाला. कंपनीच्या गटविम्यात बहुधा पहिल्या दिवसापासून घेता येतं, वैयक्तिक पॉलिसीत साधारण ९० दिवसांनंतर.

मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर सुकन्या समृद्धी. वर्षाला २५० ते दीड लाख, १५ वर्षं भरायचे, खातं २१ वर्षांनी पुरं होतं. २०२५-२६ मध्ये व्याज ८.२ टक्के. पण २१ वर्षं मोजायची ती खातं उघडल्यापासून, मुलीच्या वयापासून नव्हे. सात वर्षांची असताना उघडलं तर पूर्ण रक्कम तिच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. शिक्षणासाठी दहावी झाल्यावर किंवा १८ पूर्ण झाल्यावर निम्मी काढता येते, हे धरून बाकीची सोय वेगळी करा.

मुलाच्या नावे पीपीएफ उघडून दोन्ही खात्यांत दीड-दीड लाख भरणारे पालक फसतात, कारण पालक आणि अज्ञान मूल मिळून मर्यादा दीड लाखाचीच आहे. पीपीएफचे पैसे महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या महिन्याचं व्याज त्या रकमेवर मिळत नाही. ‘चाइल्ड प्लॅन’ नावाच्या विमा योजनांपेक्षा टर्म इन्शुरन्स आणि साधी एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम) हे दोन वेगळे ठेवलेले बरे. विमा आणि बचत एकाच पॉलिसीत घातली की कवच तोकडं पडतं आणि मध्येच बंद केल्यास भरलेल्यापैकी बरंच गमवावं लागतं.

घर

सगळ्यात मोठी रक्कम इथे जाते आणि सगळ्यात कमी हिशोबही इथेच होतो. लोक फ्लॅटची किंमत आणि हप्ता बघतात, मधली रक्कम विसरतात. पुण्यात बांधकाम चालू असलेला ५० लाखांचा फ्लॅट घेऊ. ३० ते ७५ लाखांच्या टप्प्यातलं कर्ज किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ४० लाख. स्वतःचे १० लाख. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. नोंदणी शुल्क ३०,०००. जीएसटी ५ टक्के, म्हणजे अडीच लाख. झाले १६ लाख ३० हजार. सोसायटीची आगाऊ देखभाल, बँकेची प्रोसेसिंग फी आणि फर्निचर अजून यायचंय. ही तूट लोक पर्सनल लोन घेऊन भरतात आणि पहिली पाच वर्षं दोन हप्त्यांखाली दबून जातात. हातात किमतीच्या एक तृतीयांश रक्कम नसेल, तर आणखी दोन वर्षं भाड्याने राहणं शहाणपणाचं. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर जीएसटी नाही, हेही तुलना करताना मोजा. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडीरेकनरची, म्हणजे सरकारी दरतक्त्यातली, किंमत यांत जी जास्त, तिच्यावर लागतं.

आणखी काही पायऱ्या, ज्या चुकल्या की महागात पडतात:

- महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकून ताबा देण्याची तारीख आणि प्रकल्पावरची कर्जं पाहा. करार नोंदवण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही.
- घराची किंमत ५० लाख किंवा जास्त असेल, तर १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची. वरच्या उदाहरणात ५०,००० रुपये विक्रेत्याला कमी द्यायचे आणि सरकारजमा करायचे. विसरलात तर व्याज आणि दंड तुमच्या माथी.
- महाराष्ट्रात फक्त महिलांच्या नावे घेतलेल्या घराला मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते.
- कर्जात सहकर्जदार आणि घराच्या करारात मालक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्नीची सही कर्जावर आहे आणि करारात नाव नाही, अशी असंख्य प्रकरणं दिसतात. तिच्याकडे हप्त्याची जबाबदारी येते, मालकी येत नाही. हप्ता भरणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारात असलंच पाहिजे.

४० लाख, २० वर्षं, ८.५ टक्के: हप्ता साधारण ३४,७१३ रुपये. पहिल्या हप्त्यातले २८,३३३ व्याजात जातात आणि मुद्दल फक्त ६,३८० ने कमी होतं. एकूण व्याज सुमारे ४३ लाख. दरवर्षी एक जादा हप्ता भरलात तर कर्ज साधारण साडेतीन वर्षं आधी फिटतं. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक ग्राहकाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. जादा भरताना बँकेला लेखी सांगा, की हप्ता तोच ठेवा आणि मुदत कमी करा. व्याजदर वाढला की बँका बहुधा हप्ता न वाढवता मुदत लांबवतात, म्हणून वर्षातून एकदा शिल्लक मुदत तपासा. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत मिळाली पाहिजेत. उशीर बँकेचा असेल तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

ताबा मिळाला की सोसायटीत नॉमिनेशनचा अर्ज तीन प्रतींत द्या आणि नोंद झाल्याची पोच असलेली प्रत घरी ठेवा.

नोकरी बदलली, सुटली, किंवा परदेशी गेलात

पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. सलग पाच वर्षं सेवा होण्याआधी काढला तर करपात्र होतो. त्याहून मोठं नुकसान पेन्शनचं: किमान दहा वर्षांची सेवा असेल तरच पेन्शन मिळते. आठव्या वर्षी सगळं काढून घेतलं की मोजणी पुन्हा शून्यापासून. ही पेन्शन किती असते तेही आधीच जाणून घ्या. १५,००० च्या मर्यादेवर ३० वर्षं नोकरी केली, तरी महिन्याला साडेसहा-सात हजारांच्या घरात. त्यावर म्हातारपण निघणार नाही.

कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. दोन नोकऱ्यांच्या मधला एक महिनाही उघडा ठेवू नका, म्हणूनच स्वतःची वेगळी पॉलिसी नोकरीत असतानाच हवी. घेताना खोलीभाड्याची मर्यादा पाहा. ३ लाखांच्या पॉलिसीत दिवसाला १ टक्का, म्हणजे ३,००० ची मर्यादा असेल आणि तुम्ही ६,००० ची खोली घेतलीत, तर नुसता खोलीचा फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्माच मंजूर होऊ शकतो. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागत नाही, तरी बिलाचा धक्का मोठा असतो. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग मिळते, तीच घ्या.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदललीत तर आधीचा पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला कळवा. नाहीतर दोन्ही कंपन्या तुम्हाला करमुक्त मर्यादेचा पूर्ण फायदा देतात, आणि विवरणपत्र भरताना एकदम मोठा कर निघतो.

परदेशी नोकरीला गेलात तर इथलं बचत खातं एनआरओ (अनिवासींसाठीचं रुपयातलं खातं) करून घ्या. अनिवासी म्हणून जुनं साधं खातं चालवणं परकीय चलन नियमांत बसत नाही. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही.

निवृत्ती

तयारी पंचावन्नाव्या वर्षी सुरू करा, आणि सुरुवात मेडिक्लेमपासून. आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं असतो. ५५ ला पॉलिसी घेतली, तर ५८ ला कंपनीचं कवच जाताना तुमचं स्वतःचं पूर्ण लागू झालेलं असतं. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत ५ लाखांचं कवच आहे. कार्ड काढून ठेवा, पण ते योजनेतल्या रुग्णालयांतच चालतं.

ग्रॅच्युइटीचा आकडा स्वतः काढून ताडून पाहा: शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. ४०,००० बेसिक आणि ३० वर्षं म्हणजे सुमारे ६ लाख ९२ हजार.

हातात एकरकमी पैसे आले की पहिले तीन महिने काहीही मोठं करू नका. मुलाच्या धंद्याला, पुतण्याच्या फ्लॅटला, ओळखीच्या एजंटच्या योजनेला या काळात दिलेला शब्द मागे घेता येत नाही. रक्कम तोवर बँकेच्या एफडीत राहू द्या.

नंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजना. एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत, २०२५-२६ मध्ये ८.२ टक्के, पाच वर्षं. पूर्ण ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये. वय ६० लागतं, पण ५५ नंतर निवृत्त झालेल्यांना निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडता येतं. ही मुदत अनेकजण चुकवतात, म्हणून वरचे तीन महिने मोजताना तारीख लिहून ठेवा. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत एकट्याला ९ लाख, ७.४ टक्क्यांनी महिन्याला ५,५५०. करपात्र उत्पन्न नसेल तर दर एप्रिलमध्ये १५एच किंवा त्या जागी चालू असलेला फॉर्म भरा, म्हणजे टीडीएस कापला जात नाही.

सगळं व्याजातच ठेवू नका. महागाई ६ टक्के धरली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. आज ३०,००० लागतात तिथे सत्तरीत ६०,००० लागतील. दहा वर्षांनंतर लागणारे पैसे, म्हणजे साधारण पाव हिस्सा, इंडेक्स फंडात (शेअर निर्देशांकाच्या मागे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात) राहू द्यावा.

महाराष्ट्रात सगळ्यात कळकळीने सांगावंसं वाटतं ते पतसंस्थांबद्दल. बँकेपेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी निवृत्तीची पुंजी पतसंस्थेत ठेवली जाते. बँकेतल्या, सहकारी बँकेतल्याही, ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत व्याजासह ५ लाखांचं विमा संरक्षण आहे. पतसंस्था या ठेव विम्यात येतच नाहीत. संचालक ओळखीचे आहेत, गावातलेच आहेत, हे संरक्षण नव्हे. आणि सहकारी बँकेतही ५ लाखांच्या वर एका नावे ठेवू नका. चार शाखांत वाटून उपयोग नाही, सगळ्या शाखा मिळून एकच मर्यादा आहे.

राहतं घर हयातीत मुलांच्या नावे करू नका. महाराष्ट्रात पती-पत्नी, मुलं, नातवंडांना राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये आहे, इतर काही अधिभार सोडले तर. म्हणूनच हा निर्णय घाईने होतो. मृत्युपत्रानेही घर त्यांनाच जातं, फक्त तुमच्यानंतर. बक्षीसपत्र करायचंच असेल, तर त्यात ‘देणाऱ्याचा आयुष्यभर सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे स्पष्ट लिहा. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात सांभाळ न झाल्यास असं हस्तांतर रद्द करून घेण्याची सोय आहे, पण अट लिहिलेली नसेल तर ती सिद्ध करणं जड जातं.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नकोत. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान निवडा. नोंदणी केलेली बरी, आणि सत्तरीच्या पुढे असाल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सबाबत हेच पुन्हा स्पष्ट केलं: नॉमिनी रक्कम स्वीकारतो, हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात लिहिलेल्यांचा. आयुर्विम्यात आईवडील, जोडीदार आणि मुलं नॉमिनी असतील तर ते लाभार्थी मानले जातात, हा अपवाद. सोसायटीतही नॉमिनीला वारस ठरेपर्यंत तात्पुरतं सभासदत्व मिळतं. त्यामुळे नॉमिनेशन आणि मृत्युपत्र या दोन्हींत नावं एकच ठेवा.

घरातलं माणूस गेल्यानंतर

या दिवसांत कुणालाच काही सुचत नाही, म्हणून क्रम लिहून ठेवलेला असावा.

१. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा. दाखल्याच्या १० ते १५ मूळ प्रती घ्या. दाखल्यावरचं नाव आधारप्रमाणेच आहे ना, ते तिथेच खिडकीशी तपासा.

२. गेलेल्या व्यक्तीचं एटीएम किंवा यूपीआय वापरून पैसे काढू नका. पुढे वारसांत वाद झाला तर ते अंगाशी येतं. खातं दोघांच्या नावे आणि ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर हयात व्यक्ती व्यवहार करू शकते, त्यामुळे घरखर्चाचं खातं आधीपासून तसंच असावं. मोबाइल नंबर मात्र लगेच बंद करू नका, सगळे ओटीपी त्यावरच येतात.

३. बँकेचं मागच्या दीड वर्षाचं स्टेटमेंट काढा आणि ओळ न ओळ वाचा. मेअखेरीस ४३६ आणि २० रुपये कापलेले दिसले तर दोन सरकारी विमे चालू आहेत. घरच्यांना बहुतेक वेळा त्यांचा पत्ताच नसतो. विम्याचे इतर हप्ते, एसआयपी, लॉकरचं भाडं, सगळं इथेच सापडतं.

४. व्यक्ती नोकरीत असेल तर कंपनीकडून चार गोष्टी मागा: पीएफ, कुटुंब पेन्शन, ग्रॅच्युइटी, आणि पीएफशी जोडलेला विमा. या चौथ्याचं नाव ईडीएलआय. त्यासाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून काही कापलं जात नाही, म्हणून तो लक्षातच येत नाही, पण त्यातून ७ लाखांपर्यंत मिळतात. गृहकर्ज असेल तर त्यावर विमा काढला होता का, हे हप्ता भरण्याआधी बँकेला लेखी विचारा.

५. नॉमिनी असलेल्या बँक खात्यात वारसा दाखल्याची मागणी होता कामा नये. कागद पूर्ण दिल्यापासून १५ दिवसांत रक्कम मिळायला हवी. जुनी विसरलेली खाती रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर नाव आणि पॅन टाकून शोधा. दहा वर्षं न हललेली ठेव वेगळ्या निधीत जाते, पण वारसांना ती कधीही मागता येते.

६. शेतजमीन असेल तर सातबाऱ्यावर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन करा. सगळ्या वारसांची नावं द्या, लग्न झालेल्या बहिणींचीही. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये दिला आहे. बहिणीला हक्क सोडायचा असेल, तर तो नोंदणीकृत हक्कसोडपत्रानेच सुटतो. तेराव्याला घाईघाईत कोऱ्या कागदावर घेतलेल्या सह्यांनी काही सिद्ध होत नाही, उलट वाद वाढतो. फेरफार (बदलाची नोंद) मंजूर झाल्यावर सातबाऱ्याची नवी प्रत काढून सगळी नावं आणि आणेवारी, म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा, वाचा. चूक वेळेत पकडली तर दुरुस्तीचा अर्ज पुरतो, पुढच्या पिढीत ती न्यायालयात जाते.

७. त्या आर्थिक वर्षाचं विवरणपत्र वारसाने प्रतिनिधी म्हणून भरायचं असतं. त्यासाठी प्राप्तिकर पोर्टलवर आधी वारस म्हणून नोंदणी करावी लागते आणि तिची मंजुरी यायला वेळ जातो, म्हणून जुलैची वाट पाहू नका. परतावा येणं बाकी असेल तर तो जमा झाल्यावरच पॅन परत करा आणि खातं बंद करा.